पेशी सिद्धांताची जडणघडण आणि श्रेयाचा प्रश्न (इ. स. १६६५ ते १८५८) : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हा सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक मूलभूत घटक आहे आणि प्रत्येक नवी पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच निर्माण होते, ही पेशी सिद्धांताची तीन सूत्रे होत. पहिल्या दोन सूत्रांचे श्रेय श्लायडेन व श्वान यांना आणि तिसऱ्याचे फिरखो यांना देण्याची प्रथा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रथेची ऐतिहासिक तपासणी केली आहे. पेशींच्या उत्पत्तीविषयी श्लायडेन व श्वान यांनी मांडलेली उपपत्ती चुकीची होती. ती चूक प्राण्यांच्या संदर्भात पुराव्यानिशी दूर करण्याचे काम प्रामुख्याने रॉबर्ट रेमाक यांनी केले आणि त्यांचे नाव मागे पडण्यास तत्कालीन विद्यापीठीय व सामाजिक रचना बऱ्याच अंशी कारणीभूत होती, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पेशी सिद्धांत, सूक्ष्मदर्शक, पेशीविभाजन, रॉबर्ट रेमाक, रुडॉल्फ फिरखो, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रास्ताविक

विज्ञानाचा इतिहास हा आपल्याकडे काहीसा अनाथ विषय आहे. विज्ञान शाखेत तो पाठाच्या आरंभी येणाऱ्या दोन-चार ओळींपुरता उरतो आणि इतिहास विभागात तो 'विज्ञानाचा' म्हणून बाजूला ठेवला जातो. परिणामी शास्त्रज्ञाचे नाव, शोधाचे वर्ष आणि शोधाचे एक वाक्य एवढ्यावरच विद्यार्थ्याचे समाधान होते. 'पेशी सिद्धांत कोणी मांडला?' या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'श्लायडेन व श्वान, १८३८-३९' असे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. प्रस्तुत लेखकानेही शालेय जीवनात हे उत्तर अनेकदा लिहिले आहे. पुढे इतिहासाचे अध्यापन करू लागल्यावर हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे आणि त्याच्या अपुरेपणातच खरा इतिहास दडलेला आहे, असे लक्षात आले.

राजकीय इतिहासात आपण तहाचा मसुदा कोणी तयार केला, तो कोणाच्या नावे प्रसिद्ध झाला आणि त्याचा लाभ कोणाला मिळाला हे तीन प्रश्न वेगवेगळे मानतो. विज्ञानातील सिद्धांतांनाही हेच प्रश्न विचारता येतात. पेशी सिद्धांताला ते विचारले असता जे चित्र समोर येते, ते पाठ्यपुस्तकातील चित्रापेक्षा बरेच निराळे आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) पेशीच्या शोधापासून पेशी सिद्धांताच्या पूर्णत्वापर्यंतच्या टप्प्यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) श्लायडेन व श्वान यांच्या योगदानाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) रॉबर्ट रेमाक यांच्या संशोधनाचे महत्त्व व त्यांच्या उपेक्षेची कारणे शोधणे.
४) वैज्ञानिक शोधाच्या श्रेयाविषयी इतिहासलेखनाने कोणती दृष्टी ठेवावी याचा विचार करणे.

३. अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. हेन्री हॅरिस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला 'द बर्थ ऑफ द सेल' हा ग्रंथ या विषयाच्या पुनर्विचाराच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. निबंधाची कालमर्यादा हूक यांच्या 'मायक्रोग्राफिया'पासून (१६६५) फिरखो यांच्या 'सेल्युलरपॅथॉलॉजी'पर्यंत (१८५८) ठेवली आहे.

४. 'पेशी' ही संज्ञा

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी मराठी संज्ञेविषयी थोडे विवेचन आवश्यक वाटते. इंग्रजीतील 'सेल' हा शब्द लहान खोली या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. मराठीत रूढ झालेल्या 'पेशी' या शब्दाची परंपरा मात्र वेगळी आहे. आयुर्वेदात पेशी म्हणजे मांसपेशी होय. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील पेशींची संख्या ५०० सांगितली आहे, ती याच अर्थाने. हिंदीत आजही 'पेशी' म्हणजे मांसपेशीच, आणि मराठीतील 'पेशी'साठी तेथे 'कोशिका' हा शब्द वापरतात. उलट मराठीत मांसपेशीसाठी 'स्नायू' हा शब्द रुळला, जो आयुर्वेदात वेगळ्या रचनेचा वाचक आहे.

याचा अर्थ असा की, सुश्रुतांच्या ५०० पेशींचा आधुनिक पेशीशी काहीही संबंध नाही. शब्द एक असला म्हणजे संकल्पना एक असते असे नव्हे. आपल्याकडे प्राचीन ग्रंथांत आधुनिक शोध पाहण्याचा मोह अनेकदा होतो, म्हणून ही सावधगिरी सुरुवातीलाच नोंदविणे इष्ट ठरेल. गंमत अशी की, युरोपातही हूक यांची 'सेल' आणि आजची 'सेल' यांत जवळपास असेच अंतर आहे.

५. पेशी दिसली, पण ओळखू आली नाही (१६६५ ते १८३१)

रॉबर्ट हूक (१६३५-१७०३) हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे प्रयोगप्रमुख होते. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांनी बुचाच्या पातळ कापाचे सूक्ष्मदर्शकातून दिसलेले रूप वर्णन केले. मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या पोकळ कप्प्यांना त्यांनी 'सेल' असे नाव दिले. एवढ्यावर न थांबता त्यांनी या कप्प्यांची मोजणीही केली. एक इंचात सुमारे १०८० कप्पे बसतात, त्यावरून एक घन इंच बुचात १,२५,९७,१२,००० म्हणजे जवळजवळ १२६ कोटी कप्पे असावेत, असा त्यांचा हिशेब होता. हूक यांना बुचाचे हलकेपण, त्याचे तरंगणे आणि दाबल्यावर पुन्हा पूर्ववत होणे यांचे स्पष्टीकरण हवे होते, आणि ते त्यांना मिळाले. सजीव कशाचा बनला आहे हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता.

त्याच काळात हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी आंतोन व्हान लेव्हेनहूक (१६३२-१७२३) यांनी स्वतः घासून तयार केलेल्या एकाच भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून एकपेशीय जीव, जीवाणू, शुक्रजंतू व रक्तपेशी पाहिल्या. १६७३ पासून त्यांनी आपली निरीक्षणे पत्रांद्वारे रॉयल सोसायटीस कळविली. इटलीत मार्चेल्लो मालपीगी व इंग्लंडमध्ये निहेमिया ग्रू यांनी वनस्पतींच्या अंतर्रचनेचा तपशीलवार अभ्यास केला. अशा रीतीने सतराव्या शतकाच्या अखेरीस पेशी अनेकांच्या दृष्टीस पडली होती. परंतु बुचातील कप्पा, पाण्यातील सूक्ष्म जीव आणि रक्तातील कण या तिन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या आहेत, असा विचार कोणाच्याही मनात आलेला नव्हता.

पुढे सुमारे दीडशे वर्षे या क्षेत्रात मूलगामी प्रगती झाली नाही. याचे एक मुख्य कारण यंत्रातील दोष हे होय. अनेक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकात वस्तूभोवती रंगीत कडा दिसत आणि प्रतिमा अस्पष्ट होई. प्राण्यांच्या ऊतींत वनस्पतींसारख्या जाड भित्ती नसल्याने तेथे तर काहीच निश्चित सांगता येत नसे. १८३० साली जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी रंगदोष व गोलीय दोष कमी करणाऱ्या भिंगरचनेची तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यानंतरच्या दशकात चांगले सूक्ष्मदर्शक संशोधकांच्या हाती येऊ लागले. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किड वर्गातील वनस्पतींच्या पेशींत आढळणाऱ्या गोल पिंडाकडे लंडनच्या लिनियन सोसायटीचे लक्ष वेधले व त्यास 'केंद्रक' हे नाव दिले. पुढील सर्व घडामोडी या केंद्रकाभोवतीच फिरल्या.

६. श्लायडेन आणि श्वान : साम्याचा शोध

मात्थियास श्लायडेन (१८०४-१८८१) हे मूळचे हॅम्बुर्गचे वकील. वकिलीत अपयश आल्याने नैराश्यातून त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर ते वैद्यक व वनस्पतिशास्त्राकडे वळले. १८३८ साली योहानेस म्युलर यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी वनस्पतीचा प्रत्येक भाग पेशींचा बनलेला असतो आणि केंद्रकाचा पेशीच्या उत्पत्तीशी निकटचा संबंध असतो, असे प्रतिपादन केले.

थिओडोर श्वान (१८१०-१८८२) हे बर्लिनमध्ये म्युलर यांचे साहाय्यक होते. त्यांनीच पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार १८३७ साली एकदा श्लायडेन यांच्यासमवेत भोजन करीत असता श्लायडेन यांनी वनस्पतिपेशींतील केंद्रकाचे वर्णन केले. बेडकाच्या डिंभाच्या पृष्ठरज्जूमध्ये आपणही असेच पिंड पाहिल्याचे श्वान यांना स्मरले. दोघेही लगेच प्रयोगशाळेत गेले आणि श्लायडेन यांनी ते साम्य मान्य केले. १८३९ साली श्वान यांचा प्राणी व वनस्पती यांच्या रचनेतील साम्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी प्राण्यांच्या ऊतींचे पाच वर्ग करून रक्त, त्वचा, नखे, कूर्चा, अस्थी, स्नायू व मज्जा या सर्वांचे मूळ पेशींतच आहे हे दाखविण्याचा प्रयत्न केला.

या विधानाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. वनस्पती आणि प्राणी ही दोन स्वतंत्र राज्ये मानली जात असताना त्यांच्या मुळाशी एकच घटक आहे असे सांगणे, हे मोठे धाडस होते. अर्थात येथेही श्वान एकटे नव्हते. ब्रेस्लाऊ येथे काम करणारे चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ साली प्राग येथील सभेत प्राण्यांच्या ऊतींतील कणांचे वनस्पतिपेशींशी असलेले साम्य सूचित केले होते. तथापि ते साम्य सर्वव्यापी नियमाच्या रूपात आणि तपशीलवार पुराव्यासह मांडण्याचे श्रेय श्वान यांच्याकडेच जाते.

७. संस्थापकांची चूक

आता प्रश्न उरतो तो असा की, नवी पेशी कोठून येते? या प्रश्नाला श्लायडेन व श्वान यांनी दिलेले उत्तर आज पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते.

श्लायडेन यांच्या मते पेशीतील द्रवात सूक्ष्म कण एकत्र येऊन प्रथम केंद्रक तयार होते. मग त्या केंद्रकावर, घड्याळाच्या तबकडीवर फुगीर काच बसावी त्याप्रमाणे, एक पटल उगवते. ते वाढत जाऊन नवी पेशी बनते. श्वान यांनी हीच कल्पना प्राण्यांना लावली. फरक एवढाच की, प्राण्यांत ही क्रिया मुख्यतः पेशींच्या बाहेर, त्यांच्या दरम्यान असणाऱ्या रचनाहीन द्रवात घडते, असे त्यांचे मत होते. संपृक्त द्रावणातून स्फटिक जमावेत तशा या द्रवातून पेशी जमतात, असा त्यांचा दृष्टांत होता.

ही चूक निष्काळजीपणातून झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट त्या काळाच्या दृष्टीने हीच उपपत्ती अधिक 'वैज्ञानिक' होती. सजीवांत एखादी गूढ प्राणशक्ती कार्य करते, हा विचार तेव्हा प्रबळ होता. श्वान यांना तो मान्य नव्हता. स्फटिक जसा भौतिक नियमांनी बनतो तशीच पेशीही बनते, असे दाखविता आले तर प्राणशक्तीची गरजच उरत नव्हती. म्हणजे श्वान यांच्या विचारातील जो भाग सर्वांत आधुनिक होता, त्यानेच त्यांना चुकीच्या निष्कर्षाकडे नेले. योग्य तत्त्वज्ञान असले म्हणजे निरीक्षणही योग्य ठरतेच असे नाही, हा या प्रकरणाचा एक महत्त्वाचा धडा आहे.

विशेष म्हणजे विरुद्ध पुरावा तेव्हाही उपलब्ध होता. बेल्जियममधील बार्तेलेमी द्युमोर्तिये यांनी १८३२ साली तंतुमय शैवालात पेशी मध्ये भिंत तयार होऊन दुभंगते, असे नोंदविले होते. १८३५ साली ह्यूगो फॉन मोल यांनीही शैवालातील विभाजनाचे वर्णन केले. पेशीपासूनच पेशी हे लॅटिन सूत्र तर फ्रान्समधील फ्रांस्वा-व्हँसाँ रास्पाय यांनी १८२५ मधील आपल्या लेखाच्या शिरोभागी घातले होते. मात्र ही उदाहरणे वनस्पतींपुरती, त्यातही मुख्यतः साध्या वनस्पतींपुरती मर्यादित होती. विभाजन ही पेशी निर्माण होण्याची अनेक पद्धतींपैकी एक आहे, असे म्हणून ती बाजूला सारणे शक्य होते. प्राण्यांच्या बाबतीत निर्णायक पुरावा अजून यावयाचा होता.

८. रॉबर्ट रेमाक : पुरावा आणि प्रतीक्षा

रॉबर्ट रेमाक यांचा जन्म १८१५ साली प्रशियाच्या ताब्यातील पोझेन (आजचे पोलंडमधील पोझ्नान) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिन विद्यापीठात त्यांनी म्युलर यांच्याच मार्गदर्शनाखाली शिक्षण घेतले. म्हणजे श्वान आणि रेमाक एकाच गुरूच्या छायेत वाढले. १८३८ साली त्यांना वैद्यकातील डॉक्टरेट मिळाली. मज्जातंतूंवरील त्यांचे काम त्याच वेळी इतके मोलाचे ठरले की, आवरणरहित मज्जातंतू आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात.

एवढी गुणवत्ता असूनही विद्यापीठाचे दार त्यांना बंद होते. १८२२ च्या राजाज्ञेने प्रशियात ज्यूंना विद्यापीठीय अध्यापनाची पदे नाकारण्यात आली होती. यातून सुटण्याचा रूढ मार्ग म्हणजे ख्रिस्ती धर्म स्वीकारणे. रेमाक यांनी तो पत्करला नाही. खाजगी वैद्यकी आणि सूक्ष्मदर्शनाचे खाजगी वर्ग यांवर उपजीविका करीत त्यांनी संशोधन चालू ठेवले. अध्यापनाच्या परवानगीसाठी त्यांनी थेट राजाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. अखेर अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारख्या वजनदार व्यक्तींच्या पाठिंब्याने १८४७ साली त्यांना बर्लिन विद्यापीठात 'प्रिव्हाटडोझेंट' म्हणून मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळविणाऱ्या ज्यू अध्यापकांत ते तेथे अग्रणी ठरले. मात्र या पदाला वेतन नसे. विद्यार्थी जी फी देत तेवढेच उत्पन्न.

या परिस्थितीत त्यांनी केलेले काम पाहण्यासारखे आहे. १८४१ साली त्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील रक्तपेशी दुभंगताना पाहिल्या. पुढील दशकभर ते भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास करीत राहिले. बेडकाचे फलित अंडे दोन, चार, आठ अशा भागांत विभागत जाते हे १८२४ पासून ज्ञात होते. पण हे भाग म्हणजेच पेशी काय, आणि प्रौढ प्राण्याच्या ऊती याच भागांपासून अखंड परंपरेने तयार होतात काय, हे सिद्ध झाले नव्हते. आक्षेपकांचे म्हणणे असे की, या भागांना स्वतःचे पटलच नाही, मग त्यांना पेशी कसे म्हणावे? रेमाक यांनी रसायनांच्या साहाय्याने अंडी कठीण करून पटल स्पष्ट दाखविण्याची पद्धत शोधली. अंड्याच्या पहिल्या विभाजनापासून पटलाची साखळी कोठेही तुटत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

१८५२ साली म्युलर यांच्या त्याच नियतकालिकात रेमाक यांचा लेख प्रसिद्ध झाला. प्राण्यांत पेशीबाह्य द्रवातून पेशी उत्पन्न होते ही कल्पना जीवांच्या स्वयंजननाइतकीच अविश्वसनीय आहे, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे म्हटले. केवळ निरोगी ऊतीच नव्हे, तर रोगग्रस्त ऊतींनाही हाच नियम लागू होतो, असेही त्यांनी पुढे जाऊन सांगितले. १८५५ साली पूर्ण झालेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या विकासावरील ग्रंथात हा सर्व पुरावा आणि भ्रूणातील तीन जननस्तरांची मांडणी त्यांनी सविस्तर दिली.

९. फिरखो : सूत्र आणि प्रसिद्धी

रुडॉल्फ फिरखो (१८२१-१९०२) हे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी वैद्यकतज्ज्ञांपैकी एक होते. १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची कारणे दारिद्र्य व कुशासनात आहेत, असा निर्भीड अहवाल त्यांनी दिला आणि त्याच वर्षीच्या क्रांतीत बर्लिनच्या रस्त्यांवरील अडथळ्यांमागे ते उभे राहिले. त्यानंतर बर्लिन सोडून त्यांना वुर्ट्सबुर्ग येथे जावे लागले, परंतु १८५६ साली ते प्राध्यापक म्हणून सन्मानाने बर्लिनला परतले.

आरंभीच्या काळात फिरखो स्वतः रचनाहीन द्रवातून पेशी निर्माण होतात हेच मत मानत होते. १८५० च्या दशकात त्यांचे मत बदलले. १८५५ साली स्वतःच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी प्रत्येक पेशी पेशीपासूनच उत्पन्न होते, या अर्थाचे लॅटिन सूत्र मांडले. १८५८ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांनी बर्लिनमध्ये २० व्याख्याने दिली; ती त्याच वर्षी 'सेल्युलरपॅथॉलॉजी' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. रोग हा शरीरातील रसांचा बिघाड नसून पेशींतील बदल आहे, हा या ग्रंथाचा गाभा. शरीर म्हणजे समान नागरिकांचे राज्य आणि पेशी हे त्याचे नागरिक, ही त्यांची उपमा त्यांच्या उदारमतवादी राजकारणाशी सुसंगत होती. ग्रंथाचा प्रभाव इतका मोठा होता की, ते सूत्र कायमचे फिरखो यांच्या नावाशी जोडले गेले. सूत्राचे शब्द रास्पाय यांच्याकडे तीस वर्षांपूर्वीच आढळतात आणि पुराव्याचा मोठा वाटा रेमाक यांचा होता. परंतु या ऋणाची यथोचित नोंद फिरखो यांच्याकडून झाली नाही, हे आता इतिहासकारांनी दाखवून दिले आहे.

रेमाक यांना १८५९ साली दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. उत्तरायुष्यात ते मज्जाविकारांवरील विद्युतोपचारांकडे वळले आणि १८६५ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. फिरखो त्यानंतर ३७ वर्षे जगले.

१०. श्रेयाचा प्रश्न : चर्चा

उपरोक्त घटनाक्रमावरून 'फिरखो यांनी रेमाक यांचे श्रेय लाटले' असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काही अंशी खरा असला तरी पुरेसा नाही. फिरखो ज्यूद्वेष्टे नव्हते. १८८० च्या सुमारास बर्लिनमध्ये उसळलेल्या ज्यूविरोधी चळवळीला त्यांनी उघड विरोध केला होता. म्हणून हा प्रश्न दोन व्यक्तींच्या स्वभावाचा नसून दोन स्थानांचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फिरखो यांच्याजवळ अध्यासन होते, संस्था होती, स्वतःचे नियतकालिक होते आणि देशभर विखुरलेले शिष्य होते. व्याख्यान ऐकण्यासाठी डॉक्टर त्यांच्याकडे येत. रेमाक यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक होता आणि शिष्यांची परंपरा निर्माण करण्याइतके स्थिर पद नव्हते. ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ते शिष्यांच्या मुखातून आणि पाठ्यपुस्तकांतून. ज्याला विद्यापीठात वर्ग मिळत नाही, त्याचे नाव वर्गात घेतले जात नाही. १८२२ ची राजाज्ञा ही केवळ नोकरीविषयक नव्हती. ती अप्रत्यक्षपणे स्मृतीविषयकही होती. ज्ञानाच्या दाराशी जन्माच्या आधारे उभे केलेले अडसर काय करतात हे महाराष्ट्राच्या वाचकास वेगळे सांगण्याची गरज नाही. अडसर दूर झाल्यावर माणसे आत येतात, पण ज्यांचे आयुष्य दाराबाहेर गेले त्यांची नावे आपोआप आत येत नाहीत. ती शोधून आणावी लागतात, आणि ते काम इतिहासाचे आहे.

त्याच वेळी दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. श्लायडेन-श्वान-फिरखो यांना दूर करून रेमाक यांना एकमेव नायक ठरविणे हीदेखील तीच चूक नव्याने करणे होय. द्युमोर्तिये, मोल, पुर्किन्ये, अल्बर्ट कोलिकर अशा अनेकांच्या निरीक्षणांवर रेमाक उभे होते. श्वान यांनी प्राणी व वनस्पती यांचा एक नियम मांडला नसता, तर रेमाक यांना दुरुस्त करण्यासारखे काही उरले नसते. आणि फिरखो यांनी तो नियम रुग्णशय्येपर्यंत नेला नसता, तर वैद्यकाने त्याची दखल घेण्यास आणखी काही दशके लागली असती.

सिद्धांत १८५८ साली संपलाही नाही. विभाजनाच्या वेळी केंद्रकात नेमके काय घडते हे वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली स्पष्ट केले. मज्जासंस्था स्वतंत्र पेशींची आहे की अखंड जाळ्याची, हा वाद १९०६ साली रामोन इ काहाल व गोल्जी यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले तरी मिटला नव्हता. २०१० साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने प्रयोगशाळेत जुळविलेला संपूर्ण जनुकसंच एका जीवाणूत कार्यान्वित केला. पण त्यासाठीही आधी अस्तित्वात असलेली पेशी घ्यावी लागली. पृथ्वीवरील पहिली पेशी कधी काळी निर्जीव द्रव्यातूनच उद्भवली असली पाहिजे. मात्र आजच्या सजीवांच्या बाबतीत रेमाक यांच्या विधानाला अपवाद सापडलेला नाही.

११. निष्कर्ष

१) पेशीचा शोध (१६६५) आणि पेशी सिद्धांत (१८३८-५८) या दोन भिन्न घटना असून त्यांच्यामधील अंतरास यंत्रातील दोषाइतकेच योग्य प्रश्नाचा अभावही कारणीभूत होता.
२) श्लायडेन व श्वान यांचे योगदान सजीवांच्या रचनेतील एकत्व दाखविण्यात आहे. पेशींच्या उत्पत्तीविषयीची त्यांची उपपत्ती चुकीची होती आणि तिचे खंडन झाल्यावरच सिद्धांत पूर्ण झाला.
३) प्राण्यांत पेशी विभाजनानेच निर्माण होतात याचा निर्णायक पुरावा रेमाक यांनी १८५२-५५ या काळात दिला. फिरखो यांचे श्रेय मुख्यतः सूत्राच्या प्रसाराचे आणि रोगविचारातील त्याच्या उपयोजनाचे आहे.
४) रेमाक यांच्या विस्मरणास व्यक्तिगत कारणांपेक्षा ज्यूंना विद्यापीठीय पदांपासून दूर ठेवणारी व्यवस्था अधिक कारणीभूत ठरली.
५) पाठ्यपुस्तकांत पेशी सिद्धांताचा परिचय देताना रेमाक यांच्या नावाचा आणि संस्थापकांच्या चुकीचाही उल्लेख व्हावा. थोर शास्त्रज्ञही चुकतात आणि ती चूक पुराव्याने दुरुस्त होते, हे विद्यार्थ्यास कळणे हे नाव व सनावळी पाठ असण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

कोणतीही पेशी आपोआप उद्भवत नाही; तिच्यामागे दुसरी पेशी असते. विचारांचेही तसेच आहे. ज्या विचाराचा जनक आपल्याला एकटाच दिसतो, त्याच्या मागे कोण होते हे तपासून पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.